रिकाम्या खुर्च्यांपुढचा तो 'रॉ' परत बघवतो का कुणाला?

शड्डूवाला:
रविवारी पुतण्याला शेजारी बसवून 16 मार्च 2020 चा रॉ, म्हणजे WWE चा दर आठवड्याचा कुस्तीचा शो, परत लावला. तेव्हा तो आपल्याकडं मंगळवारी पहाटे साडेपाचला उठून लाईव्ह बघितला होता. "ऑफिसनं घरी बसवलंय तर झोप की जरा," असं आई पांघरुणातनंच म्हणाली होती. तिचं ऐकायला हवं होतं.

कोविडमुळं पिट्सबर्गचा शो ऑर्लँडोच्या परफॉर्मन्स सेंटरला, म्हणजे WWE च्या तालमीच्या हॉलला, हलवलेला, समोर चिटपाखरू नाही. त्या वेळी मी म्हणालो, जग बंद पडतंय, हे बिचारे निदान काहीतरी दाखवतायत. आता मात्र दया आली नाही. एज या पैलवानानं माईक घेऊन रँडी ऑर्टनला लास्ट मॅन स्टँडिंगचं (दहा मोजेपर्यंत जो उठला नाही तो हरला) आव्हान दिलं ते चांगलंच होतं. पण तीन तासांत ताजी कुस्ती एकच, रे मिस्टेरियो आणि आंद्राडेची! मग भरलं काय, तर 26 जानेवारीची रॉयल रम्बल, जवळजवळ अख्खी. तीच ती, एकेक करून तीस पैलवान येतात आणि दोरीवरनं बाहेर फेकला गेला तो बाद. शिळ्या कढीला ऊत.

आणि गंमत म्हणजे पोरगं रमलं ते त्या शिळ्या कढीतच. लेस्नर पहिल्या नंबरनं येऊन तेरा जणांना बाहेर भिरकावतो, मग सोळाव्या नंबरचा ड्रू मॅकिंटायर एका लाथेत त्यालाच बाहेर काढतो. ह्यूस्टनचं स्टेडियम नुसतं पेटलेलं, आमचं कार्टं गादीवर उभं.

शेवटी जुना गाजलेला पैलवान स्टीव्ह ऑस्टिन आला. निमित्त '3:16 डे'चं, 'ऑस्टिन 3:16' ही त्याची घोषणा ना. अमेरिकेत महिना आधी लिहितात म्हणून 16 मार्च म्हणजे 3/16, हे पोराला समजावण्यातच निम्मी मजा गेली. ऑस्टिन हातातली कार्डं वाचतोय, लोकांकडनं 'हेल येस'ची आरोळी मागतोय, आणि दाद द्यायला एकटा कॉमेंटेटर बायरन सॅक्स्टन. पुतण्यानं रिमोट उचलला, आवाज वाढवला. "काका, टीव्हीचा आवाज गेला काय?"

तर सांगा, दोष रिकाम्या खुर्च्यांचा की लिहिणाऱ्यांचा?

तिसरी_दोरी:
एज आवडला म्हणताय ना? मग उत्तर तुम्हीच दिलंत. लोक असते तर त्याला प्रत्येक वाक्यागणिक थांबावं लागलं असतं. शांतता होती म्हणून तो हळू बोलू शकला. ऑस्टिनचं सगळं दुकानच लोकांच्या ओरडण्यावर चालतं, त्याला तिथं उभं करणं म्हणजे भिंतीशी कव्वाली. लिहिणाऱ्यांचाच दोष.

जुनी_कॅसेट:
तिसरी_दोरीशी सहमत. मोकळ्या हॉलमध्ये शो होत नाही असं थोडंच आहे? 31 जानेवारी 1999 ला सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या, मध्यंतरात दाखवलेल्या मॅचमध्ये रॉक आणि मॅनकाइंड टूसॉनच्या रिकाम्या अरीनात भिडले होते. ते दोघं किचनमध्ये गेले, ऑफिसात गेले, आणि शेवटी मॅनकाइंडनं फोर्कलिफ्टनं माल रॉकच्या अंगावर ठेवून त्याला दाबला. जागा रिकामी आहे हेच भांडवल केलं. 2020 च्या त्या सोमवारी मात्र नेहमीचाच शो मांडला, फक्त माणसं वजा करून. घाई होती हे मान्य. रेसलमेनिया, म्हणजे WWE चा वर्षातला सगळ्यात मोठा शो, टँपाच्या स्टेडियममधून हलवल्याचंही त्याच दिवशी जाहीर झालं होतं, डोकं ठिकाणावर कुणाचं असणार?

खासबागचा_कट्टा:
तुम्ही सगळे पुस्तकी बोलताय. आमच्या आजोबांबरोबर लहानपणी मैदानाला जायचो. कुस्ती रंगात आली की हलगीवाला पार रिंगणाच्या कडेला येऊन वाजवायचा, आणि दमलेला पैलवान पुन्हा उठायचा, डोळ्यानं बघितलंय. तिथं तर कुस्ती खरी, निकाली! तिलाही हलगी लागते. मग ही तर ठरवून केलेली नुरा कुस्ती. हिची हलगी म्हणजे लोकच. ते नसले की मार खोटा आहे हे मॅटच्या आवाजावरनं कळतं. एज बोलत होता भाऊ, लढत नव्हता. लिहिणारा काय करणार त्यात?

शड्डूवाला:
कट्टा, मॅटचं बरोबर बोललास. आंद्राडेच्या मॅचमध्ये मला बुटांचं करकरणं ऐकू येत होतं आणि मी कुस्ती सोडून तेच ऐकत बसलो. पण कॅसेटरावांचा मुद्दाही खोडता येत नाही. रे मिस्टेरियोसारखा माणूस हाताशी असताना एकच मॅच? हलगी नव्हती, कबूल, पण जोडी तरी आणखी दोन सोडायच्या की मैदानात!

जुनी_कॅसेट:
पुतण्याला आता त्याच रेसलमेनियाची बोनयार्ड मॅच, म्हणजे कब्रस्तानातली, दाखवा. अंडरटेकर, एजे स्टाइल्स, आणि जिवंत माणसाला पुरायचं. तिथं लोक नाहीत हे लक्षातही येत नाही. फक्त रात्री लावू नका.

शड्डूवाला:
उशीर केलात. काल रात्रीच लावली. आज उशी घेऊन आजीच्या खोलीत झोपायला गेलाय, आणि आई माझ्याशी बोलत नाही.