इल्या ग्रांजी बेटावर दोघांनी हॉस्टेलमध्ये राहायचे असल्यास मुक्काम कुठे करावा?

प्रश्न (ठाणे)

नमस्कार. ब्राझीलमधील रिओ द जानेरो राज्याच्या किनाऱ्यालगत असलेल्या इल्या ग्रांजी बेटावर मी आणि माझे पती पाठीवर मावेल एवढेच सामान घेऊन आठवडाभर राहण्याचा विचार करत आहोत. हॉटेलपेक्षा समुद्राकाठची हॉस्टेले आम्हाला अधिक मानवतात, कारण तिथे स्वयंपाकघर वापरता येते आणि वाटा-पायवाटांची माहिती इतर प्रवाशांकडून आपोआप मिळते. बहुतेक हॉस्टेले अब्रांव या मुख्य गावात आहेत, परंतु पाल्मास आणि आरासातिबा या किनाऱ्यांवरही राहण्याची सोय दिसते. सगळे दिवस एकाच गावात राहावे, की मधे किनारा बदलावा? दोघांनी सामायिक खोलीतल्या खाटा घ्याव्यात, की स्वतंत्र खोली? रजा डिसेंबरअखेरीस किंवा मे महिन्यात मिळू शकते. मी शाकाहारी आहे, पती मासे खातात. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद (साओ पाउलो)

कामानिमित्त अनेक वर्षे ब्राझीलमध्ये राहत असल्याने या बेटावर माझे जाणे-येणे असते. माझे स्पष्ट मत असे आहे, की मुक्काम दोन ठिकाणी विभागावा: आधी अब्रांव आणि नंतर पाल्मास. हॉस्टेल कोणते, यापेक्षा आपण कोणत्या किनाऱ्यावर आहोत यावर इथला दिवस कसा जाईल हे ठरते, कारण सुमारे १९३ चौरस किलोमीटरच्या या बेटावर पर्यटकांसाठी मोटारी नाहीत. जायचे ते बोटीने किंवा पायी.

लोपेस मेंदेस या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या किनाऱ्याचेच उदाहरण घ्या. तिथे राहण्याची सोय नाही आणि बोटीही थेट लागत नाहीत. बोट पोउझोच्या धक्क्याला उतरवते आणि तिथून टेकडी ओलांडून वीसेक मिनिटे चालावे लागते. अब्रांवहून पूर्ण वाट पायी करायची म्हटल्यास एका बाजूला सुमारे तीन तास लागतात. पाल्मास त्याच वाटेवर असल्याने तिथून निघालात तर चाल जवळपास निम्मी होते, आणि गावातून येणाऱ्या बोटींच्या आधी किनाऱ्यावर पोहोचता येते. त्या वेळी वाळू इतकी कोरडी आणि बारीक असते, की पावलाखाली चक्क कुईकुई आवाज करते. समुद्र मात्र उघड्या अटलांटिकचा आहे, ओढ जोरदार असते, त्यामुळे पोहताना फार आत जाऊ नये. पाल्मासला दुकाने नसल्यासारखीच असल्याने तांदूळ, फळे, औषधे ही सगळी खरेदी अब्रांवमध्येच उरकून घ्यावी. बेटावर बँक नाही. कार्डे पुष्कळ ठिकाणी चालतात, तरी छोट्या किनाऱ्यांसाठी पुरेसे रोख रेआइस मुख्य भूमीवरूनच घेऊन यावे.

आरासातिबा पश्चिमेकडे आहे आणि शांतही आहे. परंतु आठवडाभरात तिन्ही ठिकाणे बसवायला गेलात तर अर्धा वेळ बोटींची वाट पाहण्यात जाईल.

खोलीविषयी म्हणाल तर दोघांसाठी हॉस्टेलमधलीच स्वतंत्र खोली घ्यावी. सामायिक खोलीतल्या दोन खाटांचे भाडे एकत्र केले, की फरक बहुधा फारसा उरत नाही, आणि दमट हवेत ओले कपडे वाळत घालायला स्वतःची जागा मिळते. सामायिक खोली घेतलीत तर लॉकरसाठी कुलूप स्वतःचे न्यावे. न्हाणीघरात शॉवरच्या तोंडाशीच विजेचा हीटर बसवलेला असतो; पाण्याची धार बारीक ठेवली तर पाणी कढत येते, नळ पूर्ण सोडला की कोमट होते. अंघोळ चालू असताना त्यावरचा खटका फिरवू नये. रिओ राज्यात घरगुती वीज १२७ व्होल्टची असल्याने भारतातली इलेक्ट्रिक किटली तिथे उपयोगाची नाही. मोबाइलचे चार्जर चालतात.

महिना मेच निवडावा. डिसेंबरअखेर हा तिथला ऐन उन्हाळा, गर्दीचा आणि मुसळधार पावसाचा काळ असतो. १ जानेवारी २०१० च्या पहाटे याच बेटावरच्या बानानाल इथे दरड कोसळून नववर्षासाठी आलेल्या अनेकांचा बळी गेला, हे त्या हंगामात जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवले पाहिजे. मे महिन्यात पाऊस ओसरतो, फक्त दिवस लहान होतो. साडेपाचच्या आत अंधारू लागत असल्याने दुपारी चारपर्यंत जंगलातल्या वाटेवरून बाहेर पडलेले बरे.

प्रतिसाद (नाशिक)

मी डॉक्टर आहे, म्हणून तिकिटांच्याही आधी करायच्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. पीतज्वराची लस घेतल्याशिवाय या बेटावर जाऊ नये. २०१८ च्या सुरुवातीला तिथे या रोगाची लागण झालेले रुग्ण आढळले होते आणि लस न घेतलेले परदेशी पर्यटकही त्यांत होते. जंगलातले हाउलर जातीचे वानर या विषाणूला फार लवकर बळी पडतात, म्हणून वानर मरू लागले की तिथली आरोग्ययंत्रणा सावध होते. हा विषाणू पसरवणारे जंगली डास दिवसा चावतात. त्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबून चालत नाही. पायवाटेवर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मलम दोन्ही हवे.

लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर ग्राह्य असते. ती केवळ सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेचे केंद्र आहे. ब्राझीलहून परतताना हे प्रमाणपत्र जवळ नसेल, तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही जिवंत विषाणूंची लस असल्यामुळे अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

प्रतिसाद (पुणे)

शाकाहाराविषयी थोडे लिहिते. भात आणि फेइजांव, म्हणजे घेवड्याच्या दाण्यांची दाट उसळ, सगळीकडे मिळते; परंतु त्या उसळीत पुष्कळदा डुकराचे मांस घातलेले असते, म्हणून दर वेळी विचारावे. निश्चिंतपणे खाण्यासारखा पदार्थ म्हणजे तापिओका. आपला साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो, त्याचाच ओलसर स्टार्च तव्यावर पसरतात, तो पाण्याच्या थेंबाशिवाय धिरड्यासारखा जुळून येतो, आणि मग त्यात चीज किंवा केळे घालून घडी करतात. कसावा मूळचा त्याच खंडातला असल्याने तिथे त्याचे प्रकारही भरपूर आहेत. आपल्या पतींनी नारळाच्या दुधातली माशांची मोकेका अवश्य खावी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मे महिना आणि अब्रांव-पाल्मास असे आम्ही ठरवले आहे, आणि लसीसाठी उद्याच चौकशी करत आहोत. दोईस रियोस इथल्या जुन्या तुरुंगाच्या जागी जाण्याची यांची फार इच्छा आहे. तिथे एक रात्र राहता येईल का?

प्रतिसाद (साओ पाउलो)

राहता येत नाही; संध्याकाळच्या आत पर्यटकांना तिथून निघावे लागते. परंतु अवश्य जावे. अब्रांवहून जंगलातून जाणारा जुना रस्ता डोंगराची धार ओलांडून पलीकडे उतरतो आणि जाऊन-येऊन पूर्ण दिवस लागतो. तुरुंग १९९४ मध्ये बंद झाला व त्याची मुख्य इमारत पाडण्यात आली. उरलेल्या भागात रिओच्या राज्य विद्यापीठाने संग्रहालय केले आहे. ज्या बेटावर आज आपण सुट्टीसाठी जातो, त्यावर माणसे किती काळ कोंडून ठेवली होती, हे तिथे नीट कळते. लोपेस मेंदेसचा दिवस त्याला जोडून ठेवू नये, पाय दुखतील. संग्रहालय कोणत्या वारी बंद असते हे हॉस्टेलमध्ये आदल्या संध्याकाळी विचारावे, आणि सकाळी सातला निघावे.