झाडीपट्टीच्या नाटकाला टॉपमध्ये कोणता ड्रायव्हर टाकावा?

सिंदेवाहीचा साऊंडवाला
राम राम मंडळी. तालुक्यात माझा मंडप अन् साऊंडचा धंदा आहे. लग्नं, जयंत्या, गणपती चालूच असतात, पण भाऊबीजेनंतर मंडया (गावजत्रा) लागल्या की खरं काम नाटकांचं. दोन टॉप (मोठे स्पीकरचे डबे) आहेत. प्रत्येकात दोन १५ इंची स्पीकर, वर ९० बाय ४० अंशांचा हॉर्न, त्याच्या मागं टायटॅनियमचं युनिट, म्हणजे वरचा बारीक आवाज काढणारा ड्रायव्हर. लग्नात ठणकून वाजतं. नाटकात मात्र मागच्या कनातीजवळ बसलेल्यांना संवाद समजत नाहीत. हाय (बारीक आवाज) वाढवला की स्टेजवर टांगलेले माईक शिट्टी मारतात. मागच्या सीझनला दोन्ही बाजूंचे डायफ्राम (ड्रायव्हरमधले थरथरणारे पातळ पडदे) गेले. दुकानदार म्हणतो ४ इंच कॉइलचा (डायफ्राम हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) मोठा ड्रायव्हर घे, वॉट जास्त आहेत. भाव ऐकून गप बसलो. धान विकलं की पैसे हातात येतील, तोवर कोणी अनुभवी माणूस सांगेल का, काय घ्यावं?

वडसा_माईकवाला
भाऊ, नाटकाले भोंगेच बरे होते. चार बांधले की शेजारच्या गावाले पण डायलॉग ऐकू जाये. आता मोठाले डबे लावतेत अन् लोक विचारतेत, काय म्हणला गा तो?

रिपेरवाला_ब्रह्मपुरी
वडसावाले भाऊ चूक बोलत नाहीत. भोंगा खालचा बेस देतच नाही, वरचं बारीकही फारसं देत नाही. जे देतो ते मधलं, म्हणजे माणसाच्या बोलण्याचंच. पण ऑर्गन-तबला त्यातून ऐकवत नाही, म्हणून तो मागं पडला.

आता सिंदेवाहीकर, वॉट विसरा. तुमच्या हॉर्नच्या ड्रायव्हरला १ वॉटला १ मीटरवर १०८ डीबीच्या आसपास आवाज निघतो, १५ इंचीला ९८-९९. म्हणजे वरच्याला खालच्याच्या दहावा हिस्सा पॉवरही पुरते. जास्त वॉटचा ड्रायव्हर घेऊन मागच्या माणसाला 'त' अन् 'ट' वेगळा ऐकू येणार नाही.

डायफ्राम उघडून पाहिला होता का? माझ्या टेबलावर रोज येतात. कॉइल काळी पडली, वार्निश फुगलं, तर पॉवर जास्त झाली किंवा अँप ताकदीबाहेर ताणून क्लिप झाला. कॉइल चांगली अन् कडेला तडा, तर त्याला झेपत नाही इतका खालचा आवाज त्याच्यात गेला. क्रॉसओव्हर, म्हणजे खालचा अन् वरचा आवाज जिथं वाटला जातो तो हर्ट्झचा आकडा, अर्ध्यावर आणला तर तेवढाच आवाज काढायला डायफ्रामला चौपट हलावं लागतं. टायटॅनियम हलकं अन् कडक आहे, पण वारंवार वाकलं की तडकतं.

तुमची खरी भानगड अशी आहे. १५ इंची स्पीकर हजार हर्ट्झच्या वर गेला की आवाज समोरच फेकतो, बाजूला देत नाही. दोन असले की आणखी गडबड. आणि १ इंच तोंडाचा ड्रायव्हर सोळाशे-दोन हजारच्या खाली आणला की मरतो. शब्द कळायचा तो याच पट्ट्यात. म्हणून कडेला बसलेल्या बाया म्हणतात आवाज तर येते, शब्द येत नाही.

म्हणून मी १.४ इंच तोंडाचा, ७५ मिमीच्या आसपास कॉइल असलेला ड्रायव्हर सांगतो. तो बाराशेपर्यंत खाली येतो. डायफ्राम पॉलिमरचा मिळाला तर तोच घ्या. डीजेवाले टायटॅनियम मागतात, कारण वरचं झणझणीत लागतं. पण मोठा टायटॅनियम डायफ्राम वरच्या पट्टीत एकसारखा हलत नाही, तिथं काही सूर उगाच मोठे होऊन टोकं निघतात. टांगलेला माईक त्या टोकालाच शिट्टी धरतो. एका टोकापायी तुम्ही अख्खा आवाज खाली ओढता. टोकं कमी तर माईक जास्त उघडता येतो, मागच्याला ऐकू जातं. नाटकासाठी मी यालाच पैसे देईन.

४ इंच कॉइलवाला वाईट नाही, पण तुमच्या हॉर्नवर त्याचे पैसे वाया जातील. हॉर्न छोटा असला तर खालचं कोणताच ड्रायव्हर देणार नाही. ५०-६० सेंटीमीटर रुंद असेल तर बाराशेला बिनघोर लावा.

अन् डायफ्राम कुठं मिळतो ते आधी विचारा, मग ड्रायव्हर घ्या. रात्री दोन वाजता तिसऱ्या अंकात गेला तर नागपूरचं दुकान उघडं नसते.

सिंदेवाहीचा साऊंडवाला
लई बारीक सांगितलं भाऊ. तडाच होता, कॉइल चकचकीत होती. आता बाहेरचा क्रॉसओव्हर अन् वरच्याला वेगळा अँप लावायचा विचार आहे. मग ड्रायव्हरच्या तारेत खालचा आवाज अडवायला लावलेला कपॅसिटर काढून टाकू का?

रिपेरवाला_ब्रह्मपुरी
काढू नका! पोऱ्यानं घाईत बेसची वायर हायमध्ये खोचली की एका ठोक्यात नवा ड्रायव्हर गेला. अँप बिघडून डीसी आला तरी तोच वाचवतो. फक्त किंमत बदला. ८ ओहमला ३३ मायक्रोफॅरड म्हणजे ६०० हर्ट्झच्या आसपास पडते, बाराशेच्या क्रॉसओव्हरमध्ये फार ढवळाढवळ करत नाही. नॉन-पोलर घ्या, फिल्मचा, शंभर व्होल्टच्या वरचा. क्रॉसओव्हरचा उतार दर सप्तकाला २४ डीबी ठेवा.

आणखी एक, फुकटातलं. टॉप स्टँडवर उंच चढवा अन् तोंड मागच्या रांगेकडे थोडं खाली झुकवा. पुढची बसलेली माणसं, शाली, घोंगड्या बारीक आवाज गिळून टाकतात. तोंड माईककडे वळू देऊ नका, टॉप स्टेजच्या पुढंच राहू द्या.

वडसा_माईकवाला
अन् हवेचं पण हाये. डिसेंबरच्या रातीले जमिनीजवळची हवा थंड अन् वरची गरम राह्यते, आवाज वाकून खाली येते. बांधीपलीकडच्या गावात ऐकू जाते. उन्हाळ्यात दुपारी तोच सेट लावा, मैदानाच्या टोकाले काही पोचत नाही.

सिंदेवाहीचा साऊंडवाला
आत्ताच हॉर्न मोजला. तोंड ५५ सेंटीमीटर. मागं चार बोल्ट, समोरासमोरचं अंतर १०२ मिमी. जुनं युनिट मधी प्लेट टाकून बसवलेलं दिसते. मग १.४ इंची थेट बसेल ना?

रिपेरवाला_ब्रह्मपुरी
बोल्ट बसतील, पण थांबा. १.४ इंची अन् २ इंची, दोघांचेही बोल्ट १०२ मिमीवर असतात. ड्रायव्हर काढून हॉर्नचा घसा मोजा. ३६ मिमी निघाला तर १.४ चा, ऑर्डर द्या. ४९-५० निघाला तर तो २ इंचीचा हॉर्न आहे. मग एक तर हॉर्न बदला, नाही तर २ इंच तोंडाचा अन् ७५ मिमी कॉइलचा ड्रायव्हर शोधा, तसेही मिळतात. ड्रायव्हरचं तोंड अन् हॉर्नचा घसा यांच्यामधी पायरी राहू देऊ नका. मोजून इथंच टाका, फोटोसकट.