ग्रुपमध्ये व्हाइट प्रिव्हिलेजचा (गोरं असल्यामुळे आपोआप मिळणाऱ्या सवलतींचा) विषय काढला की गाडी तिथेच अडते, काय करू?

सायली_लेस्टर:
नमस्कार मंडळी, मी इंग्लंडमध्ये सायकोथेरपी शिकतेय, दुसरं वर्ष, वर्गात १८ जणांत गोरे नसलेले आम्ही दोघंच. गेल्या आठवड्यात ग्रुपमध्ये एवढंच विचारलं की केसमधली बाई सासूसोबत राहते म्हटल्यावर लगेच 'हिला बाउंड्रीज नाहीत', म्हणजे स्वतःच्या मर्यादा आखता येत नाहीत, असं का लिहितो आपण, तर एक मुलगी रडायलाच लागली, मी रेसिस्ट नाहीये म्हणून, आणि सगळे तिच्याभोवती. टिश्यूचा बॉक्ससुद्धा मीच सरकवला. माझा मुद्दा राहिला बाजूलाच. वर ट्यूटर मला म्हणे, तुझ्या रागाकडे बघ. आवाजही चढवला नव्हता हो मी. गुरुवारी परत ग्रुप आहे, कसं बोलू?

लंडनकर_काका:
सायली, तो टिश्यूचा बॉक्सच तुझा मुद्दा आहे, तोच सांग ग्रुपमध्ये. गोऱ्या थेरपिस्टला आपल्या रंगाचा विचार करावाच लागत नाही, समोरचा क्लायंट मात्र ऑफिसात झालेला अपमान यांना सांगावा की नको हे कित्येक सेशन तोलत बसतो. म्हणून विषय थेरपिस्टनेच काढायचा, साध्या शब्दांत, 'मी गोरा आहे, त्यामुळे काही सांगायला जड जातंय का?' विचारायचं आणि गप्प बसायचं. स्वतःची अपराधी भावना सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या कामावर अनुभवी थेरपिस्टशी बोलतो तिथे, न्यायची, क्लायंटपुढे नाही. जाफर करीम यांनी १९८३ मध्ये लंडनला नफसियत हे थेरपी सेंटर काढलं ते याच कामासाठी, बघ त्यांचं काम.

मीनल_न्यूजर्सी:
'रागाकडे बघ' हे फार जुनं आहे गं. १८५१ मध्ये कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्यालाच आजार ठरवलं होतं, ड्रेपटोमेनिया म्हणे! म्हणजे माणूस का पळतोय ते विचारायचंच नाही. इथल्या सायकॉलॉजिकल असोसिएशनने रेसिझमबद्दल माफी मागितली ती थेट ऑक्टोबर २०२१ मध्ये.

पुणे_काउन्सेलर:
सगळं पटलं, पण एक सांगू का, मी पुण्यात बसते, आडनावावरून माझी जात लगेच कळते. एक मुलगा दोन महिने येत होता, हॉस्टेलमधल्या त्रासाबद्दल बोलता बोलता थांबायचा, आणि मी एकदा म्हणाले 'मी जात मानत नाही'. पुढच्या आठवड्यापासून तो आलाच नाही. ती रडणारी मुलगी आणि मी, फरक काय? काका म्हणतात तो प्रश्न मी आता पहिल्या-दुसऱ्या सेशनलाच विचारते.

सायली_लेस्टर:
ताई, हे वाचून गलबलून आलं, माझंही आडनाव तसलंच आहे. गुरुवारी टिश्यूचं बोलेन आणि हेही बोलेन.