फिट येत नसताना पेट स्कॅन काढून काय कळणार?

बागायतदार, तासगाव:
पुतणीला आठवीपासून फिट येतात. आधी पोटातून काहीतरी वर चढतंय म्हणते, मग नजर एका जागी लागते, तोंड चघळल्यासारखं हलतं, उजव्या हाताचा ओढणीशी चाळा. मिनिटभरात संपतं, पण नंतर बराच वेळ तिचं तिला भान नसतं. दोन गोळ्या चालू आहेत तरी थांबत नाही. मिरजेत एमआरआय काढला, नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनचा विचार करायचा तर पुण्याला जाऊन मेंदूचा पेट स्कॅन करा. तोही ती बरी असताना! बेअरिंग गेलेलं मोटर चालू असताना कळतं, बंद मोटरकडं बघून काय कळणार? आणि पेट म्हणजे कॅन्सरचाच ना? वहिनींनी धसका घेतलाय.

जुना टेक्निशियन, मिरज:
दादा, आधी वहिनींना सांगा, कॅन्सरचा काही संबंध नाही. मशीन तेच, इंजेक्शनही तेच. एफडीजी म्हणतात, ग्लुकोजसारखंच, फक्त त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं. जिथं साखर जास्त खपते तिथं ते जास्त साठतं. मेंदू वजनानं शरीराच्या २ टक्के, पण खातो २० टक्क्यांच्या आसपास, म्हणून फोटोत सगळाच चकाकतो. फिट जिथून सुटते तो भाग मात्र एरवी बहुतेकदा मंद दिसतो. एमआरआय नॉर्मल असला तरी दिसू शकतो. लॉस एंजेलिसला एंगेल, कूल, फेल्प्स या संशोधक मंडळींनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे दाखवलंय.

ऐन फिटमध्ये तोच भाग उलट जास्त साखर ओढतो. पण एफडीजी मेंदूत मुरायला अर्धा तास जातो आणि फिट मिनिटाची. फिट आणि नंतरची मरगळ एकाच फोटोत कालवली जाते. शिवाय फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, सुई भरून फिटची वाट बघत बसता येत नाही. त्यासाठी स्पेक्ट नावाचा स्कॅन वेगळा. त्यात फिट सुरू झाल्या झाल्या टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन देतात, फोटो नंतर सावकाश काढला तरी चालतो. पण त्यात रक्तप्रवाह दिसतो, साखर नव्हे.

इंजेक्शननंतर तिला मंद उजेडात गप पडू द्या, मोबाईल नको. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारी तपासणी, लावा म्हणून आग्रह धरा. त्या वेळात बारीकशी फिट येऊन गेली तर दुखरी बाजू तेजस्वी दिसते आणि चांगलीच बाजू मंद वाटायला लागते. शेवटची फिट कधी आली तेही लिहून न्या.

विट्याची ताई:
चार-सहा तास उपाशी ठेवतात, सुईआधी रक्तातली साखर बघतात. आमच्या सासूबाईंनी साताऱ्यात गाडी थांबवून नातवाला कंदी पेढा भरवला, झालं, नंबर पुढं ढकलला. फिटच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं चुकवू नका, डॉक्टरांना विचारा.

बागायतदार, तासगाव:
तिची एक फिट मोबाईलवर शूट केलेली आहे. दाखवू का?

जुना टेक्निशियन, मिरज:
दाखवाच. कुठला हात चाळा करतो, कुठला ताठरतो, ते डॉक्टरांना हवंच असतं. नुसत्या पेटवर कुणी ऑपरेशन ठरवत नाही, व्हिडिओ-ईईजीशी मेळ बसावा लागतो.