'बायोफिलिक'ला मराठीत काय म्हणावं?

कडीपाट: सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं माहितीपत्रक मराठीत करायचंय. 'बायोफिलिक डिझाइन'साठी, म्हणजे झाडं, उजेड असा निसर्ग माणसाच्या जवळ आणणाऱ्या रचनेसाठी, 'निसर्गस्नेही रचना' लिहिलं होतं. वास्तुविशारदांनी ते खोडून 'पर्यावरणपूरक' केलं. बरोबर कोण?

चतुष्क: ते नव्हेत. पर्यावरणपूरक म्हणजे वीज-पाणी वाचवणारं. छतावर सौर पॅनेल आणि आत बिनखिडकीची खोली, तरी ते पर्यावरणपूरक ठरेल. इथे मुद्दा माणसाला बरं वाटण्याचा आहे. बिओस म्हणजे जीवन, फिलिया म्हणजे प्रेम, म्हणून 'जीवप्रेमी'.

उंबरठा: मग रक्त नीट न गोठण्याच्या आजाराला, हीमोफिलियाला, 'रक्तप्रेम' म्हणा! फिलियात नुसता कलही येतो. आणि जीवप्रेमी म्हटलं की भटक्या कुत्र्यांना बिस्किटं घालणारेच डोळ्यांपुढे येतात.

चतुष्क: बरं, 'प्रकृतिस्नेही'?

उंबरठा: मराठीत प्रकृती म्हणजे तब्येत. निसर्ग या अर्थानं ती हिंदीतून घुसलीय.

चतुष्क: सांख्य तत्त्वज्ञानातली प्रकृती काय हिंदीतून आली? उलट रुग्णालयाला दोन्ही अर्थ लागू पडतात. 1984 मधला रॉजर उलरिच यांचा अभ्यास बघा: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना जोरकस वेदनाशामकंही कमी लागली.

पांढरीमाती: शब्द कुठलाही घाला ओ, आराखड्यात पश्चिमेला हिरवी भिंत, म्हणजे कप्प्यांत रोपं लावलेली भिंत, आहे का तेवढं बघा. कप्प्यात माती मूठभर, पाणी बोअरचं जड. क्षारांनी ठिबकचे ड्रिपर चोंदतात, आणि मे महिन्यात एक दिवस पंप बंद पडला की वरची रांग करपलीच. अधूनमधून सौम्य आम्ल सोडून नळ्या धुवाव्या लागतात; डाळिंबवाल्यांना विचारा. त्यापेक्षा जमिनीत करंज किंवा कडुनिंब लावा, खाटेवर पडल्या पडल्या दिसेल असा. त्यासाठी खिडकीचा कट्टा खाली घ्यावा लागतो, ते कुणी बघत नाही.

कडीपाट: गच्चीवर बागही दाखवलीय.

पांढरीमाती: 15 सेंटिमीटर ओली माती म्हणजे चौरस मीटरला साधारण 250 किलो. वापरातल्या गच्चीवर वरचा भार धरतात 150. स्लॅब आधीच तसा काढलाय का, विचारा.

उंबरठा: आपल्या जुन्या घरांच्या मातीच्या छपरावर, माळवदावर कुठे कमी माती असायची?

चतुष्क: माळवद की धाबं?

पांढरीमाती: दोन्ही एकच. तिथे खाली जाड तुळया असायच्या, तरी दर मृगाआधी पांढरी माती चोपावी लागायची.

चतुष्क: एकच कसं? धाबं म्हणजे नुसतं सपाट छप्पर, माळवदाला लाकूडकाम हवं.

कडीपाट: पत्रक परवा छापायला जातंय. 'निसर्गस्नेही' ठेवू का?

उंबरठा: धाब्यालाही लाकूड लागतंच की!