मदत हवी आहे: चेंडू दूर असताना गोलरक्षकाने नेमके कुठे उभे राहावे?

नमस्कार.

कोल्हापुरात आमच्या पेठेतील १४ वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल संघाचा सराव मी घेतो. गोलवर फटका येत असताना कोन कसा कमी करावा, उंच चेंडू कसा धरावा, याविषयी मार्गदर्शन सहज मिळते. परंतु चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात असताना गोलरक्षकाने कुठे उभे राहावे, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. आमच्या गोलरक्षकाला दोन अनुभवी खेळाडूंनी परस्परविरोधी सल्ले दिले आहेत. एकाच्या मते त्याने गोलरेषेपासून पाच-सहा पावलांपलीकडे जाऊच नये. दुसऱ्याच्या मते संघ पुढे सरकला की त्यानेही पेनल्टी क्षेत्राच्या रेषेपर्यंत, प्रसंगी तिच्या बाहेरही यावे. दोघांचाही मान राखण्यासाठी मुलगा मधेच कुठेतरी उभा राहतो, आणि तेथून त्याला ना पुढचा चेंडू गाठता येतो, ना मागचा.

दुसऱ्या सल्ल्यामागचे कारण मला पटते. बचावफळी मध्यरेषेजवळ असेल तर तिच्या पाठीमागे सुमारे ५० मीटर मोकळी जागा उरते, आणि गोलरेषेवर थांबलेला गोलरक्षक त्या जागेत टाकलेल्या थ्रू पासपर्यंत वेळेत पोहोचू शकत नाही. २०१४ च्या विश्वचषकात पोर्तो अलेग्रे येथे जर्मनीची बचावफळी पुढे सरकून खेळत होती आणि अल्जीरियाचे खेळाडू तिच्या पाठीमागे लांब चेंडू टाकत होते. त्या दिवशी जर्मनीचा गोलरक्षक मॅन्युएल नॉयर वारंवार पेनल्टी क्षेत्राबाहेर धावत येऊन पायाने, डोक्याने चेंडू दूर करत राहिला आणि जर्मनीने जादा वेळेत २-१ असा विजय मिळवला. तो सामना आजही मुलांना दाखवण्यासारखा आहे.

मात्र याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १४ जून २०२१ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंडचा हल्ला अडवला गेला, चेंडू चेक प्रजासत्ताकाच्या पॅट्रिक शिककडे आला आणि त्याने सुमारे ४५ मीटरवरून पहिल्याच स्पर्शात मारलेला चेंडू पुढे आलेल्या स्कॉटलंडच्या गोलरक्षक डेव्हिड मार्शलच्या डोक्यावरून जाळ्यात गेला. मला यात केवळ अंतराचा प्रश्न दिसत नाही. शिकवर त्या क्षणी कोणाचाही दबाव नव्हता आणि त्याला मान वर करून गोलकडे पाहता आले. त्यामुळे माझा तर्क असा आहे की गोलरक्षकाची जागा चेंडू किती दूर आहे एवढ्यावरच ठरू नये. चेंडू ज्याच्या पायाशी आहे त्याच्यावर आपला खेळाडू चढून गेला आहे की नाही, यावरही ती ठरावी. दबाव असेल तर पुढे राहावे आणि दबाव सुटला की लगेच मागे सरकावे. हा तर्क योग्य आहे का, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला सामन्याच्या ओघात तो पाळता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वयाचाही विचार करावा लागतो. आम्ही मोठ्यांचेच गोल वापरतो. २.४४ मीटर उंचीवरचा आडवा खांब या मुलांच्या हाताला जेमतेम लागतो, म्हणून डोक्यावरून जाणारा चेंडू त्यांच्यासाठी अधिक धोक्याचा ठरतो. उलट, समोरच्या मुलांच्या पायातही मध्यरेषेवरून थेट गोलपर्यंत चेंडू पोहोचवण्याची ताकद क्वचितच असते. खरा त्रास टप्प्याचा होतो: उन्हाळ्यात मैदान कडक झाले की पेनल्टी क्षेत्राबाहेर पडलेला चेंडू पुढे आलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून उसळून जातो. अशा वेळी टप्पा पडण्याआधीच चेंडू गाठावा, की काही पावले मागे जाऊन तो उतरू द्यावा? बाहेर धावत गेल्यावर हात लावता येत नाही, आणि हाताने चेंडू अडवून गोलची स्पष्ट संधी हुकवली तर थेट लाल कार्ड मिळते. त्यामुळे पुढे जायचे की थांबायचे, हा निर्णय अर्धवट राहिलेला मला मुळीच नको आहे.

मागे परतण्याच्या पद्धतीविषयीही मतभेद आहेत. पाठमोरे पळत जाण्यापेक्षा शरीर आडवे वळवून, एक पाय दुसऱ्यावरून टाकत, नजर चेंडूवर ठेवून धावणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण पाठमोरा धावणारा मुलगा टाचेवर अडखळतो. तसेच चेंडू समोरच्या अर्ध्यात एका कडेला असेल तर गोलरक्षकानेही त्या बाजूला सरकावे, की एवढ्या अंतरावरून कोनात फारसा फरक पडत नसल्यामुळे गोलच्या मध्यासमोरच राहावे?

ज्यांनी या वयोगटाला शिकवले आहे किंवा स्वतः गोलरक्षक म्हणून खेळले आहे, त्यांनी शक्य झाल्यास सरावाचा एखादा प्रकारही सुचवावा. आम्हाला संध्याकाळी बहुधा अर्धेच मैदान मिळते, त्यामुळे बचावफळीच्या पाठीमागची लांब मोकळी जागा सरावात उभी करता येत नाही, आणि गोलरक्षकाला तिचा अंदाज थेट सामन्यातच घ्यावा लागतो. अर्ध्या मैदानावर हे कसे शिकवावे?