माया लोकांच्या ताटलीवर कासव कशाला?

चोपडेकर: बोस्टनच्या म्युझियममधल्या माया (मध्य अमेरिकेतले जुने लोक) ताटलीचा फोटो पाहिला, कासवाची पाठ फुटलीय न त्यातून माणूस वर येतोय, काय भानगड आहे भाऊ?

मळेवाला: तो मक्याचा देव. पाठ म्हणजे जमीन, बी तडकून कोंब निघतो तसा निघतोय, न बाजूला त्याचा पोरगा मडक्याने पाणी घालतोय बघ. पोपोल वूह या माया लोकांच्या पुराणग्रंथामधे देवांनी आधी मातीची माणसं केली ती विरघळली, मग लाकडाची, तीपण बिनकामाची, शेवटी मक्याच्या पिठाची जमली. आपला मका निस्ता कोंबडीखाद्याला जातो 😀

धुळ्याची ताई: ग्वाटेमालातल्या किरिग्वा या जुन्या माया शहरातल्या शिलास्तंभावर तर इ.स.पू. ३११४ मधे देवांनी तीन दगड मांडले असं कोरलंय, अभ्यासक त्याला चुलीचे दगड म्हणतात.

चोपडेकर: म्हणजे भरीत पार्टीला मळ्यात मांडतो तसेच की!